एका शब्दाचं बिल: नेब्रास्काचा २००८ चा ‘सेफ हेवन’ कायदा

२४ सप्टेंबर २००८, बुधवार. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातलं ओमाहा शहर. तिथल्या क्रेटन युनिव्हर्सिटी मेडिकल सेंटरमध्ये एक बाप आपली नऊ मुलं घेऊन आला. सगळ्यात धाकटं एक वर्षाचं, सगळ्यात मोठं सतरा वर्षांचं. मुलं तिथल्या कर्मचाऱ्यांच्या हवाली केली आणि तो निघून गेला. आदल्या वर्षी शेवटच्या बाळंतपणानंतर त्याची बायको वारली होती, आणि एकट्यानं हे सगळं निभावणं त्याला जमेना. त्याच्यावर मुलं सोडून दिल्याचा गुन्हा नोंदवला गेला नाही, कारण तो नोंदवता येतच नव्हता. राज्यात १८ जुलैला एक नवा कायदा लागू झाला होता आणि त्या कायद्यानं त्याला तेवढी मुभा दिली होती. त्याच दिवशी ओमाहातच आणखी दोन मुलगेही याच कायद्याखाली हॉस्पिटलांत सोडले गेले. एका दिवसात अकरा.

हे प्रकरण बहुतेक वेळा ‘कायदा लिहिताना झालेली फजिती’ म्हणून सांगितलं जातं. वय लिहायला विसरले आणि गोंधळ झाला, असं. फजिती झाली हे खरंच आहे. पण मला त्यात जास्त रस वाटतो तो पैशाच्या अंगानं. बालकल्याणाचा कायदा बदलला की सरकारी तिजोरीवर किती बोजा येईल, हा प्रश्न प्रत्येक विधिमंडळात विचारला जातो, आणि उत्तर म्हणून एक आकडा येतो. नेब्रास्कात जे झालं त्यावरून तो आकडा नेमका काय मोजतो आणि काय मोजत नाही, हे फार उघडं पडलं.

आधी कायदा काय होता ते बघू. नवजात बाळ कचऱ्यात किंवा आडबाजूला टाकून देण्याचे प्रकार थांबावेत म्हणून १९९९ मध्ये टेक्सासनं पहिला ‘सेफ हेवन’ कायदा केला. बाळ ठरलेल्या सुरक्षित जागी आणून द्या, तेवढ्या कृतीसाठी तुमच्यावर खटला भरणार नाही, असा त्याचा साधा सौदा. पुढच्या काही वर्षांत एकेक राज्य त्याच वाटेनं गेलं. वयाची मर्यादा कुठे तीन दिवस, कुठे महिना, कुठे त्याहून जास्त. नेब्रास्का सर्वांत शेवटी, म्हणजे पन्नासावं.

नेब्रास्काच्या विधिमंडळातले सिनेटर आर्नी स्टुथमन यांनी आणलेल्या विधेयकाचा क्रमांक एलबी १५७. मूळ मसुद्यात मर्यादा होती ७२ तासांची. त्यावर वाद सुरू झाला. ७२ तासच का? चौथ्या दिवशी आईचा धीर सुटला तर त्या बाळाचं काय? महिनाभर धरायचं की वर्ष? प्रत्येक आकड्यावर कुणाचा ना कुणाचा आक्षेप. शेवटी तोडगा निघाला तो असा की आकडाच काढून टाकायचा आणि नुसतं ‘मूल’ म्हणायचं. राज्यपाल डेव्ह हाइनमन यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये सही केली. परवाना असलेल्या हॉस्पिटलमध्ये कामावर हजर असलेल्या कर्मचाऱ्याच्या ताब्यात मूल सोपवलं, तर केवळ त्या कृतीवरून कुणावरही खटला चालवता येणार नाही, आणि हॉस्पिटलनं ताबडतोब संबंधित यंत्रणेला कळवायचं. कायदा जवळजवळ एवढाच.

म्हणजे ‘विसरले’ हे खरं नाही. शब्द समजून-उमजून निवडला होता. भांडण मिटवायला मोघम शब्द वापरणं ही विधिमंडळांची फार जुनी सवय आहे, आणि बहुतेक वेळा ती खपून जाते. इथे खपली नाही. कारण नेब्रास्कात माणूस सज्ञान होतो तो १९ व्या वर्षी. अल्पवयीनांसाठीचा कायदा १८ पर्यंत लागू होतो. मग ‘मूल’ कुठवर? प्रशासनानं १८ पर्यंत असा अर्थ लावला. बाळांसाठी उघडलेलं दार अंगानं बापाच्या बरोबरीला आलेल्या मुलांनाही उघडं झालं.

आता हिशेबाकडे येऊ. विधेयकाच्या खर्चाचा अंदाज मांडणाऱ्या टिपणाला ‘फिस्कल नोट’ म्हणतात. नेब्रास्काच्या विधिमंडळाचं स्वतःचं वित्त कार्यालय आहे. ते संबंधित खात्यांकडून अंदाज मागवतं आणि राज्याला किती, काउंटीला म्हणजे राज्याखालच्या जिल्ह्याला किती, केंद्राकडून किती परत मिळेल, हे मांडतं. सेफ हेवनसारख्या कायद्याचा अंदाज काढायला तुम्ही बसलात तर काय कराल? इतर एकोणपन्नास राज्यांकडे बघाल. तिथे वर्षाला मोजकी बाळं येतात. नेब्रास्काची लोकसंख्या जेमतेम अठरा लाख. म्हणजे वर्षाला एखाद-दुसरं बाळ, कदाचित एकही नाही. शिवाय निरोगी नवजात बाळाला दत्तक घेणारं कुटुंब लवकर मिळतं. खर्च नगण्य. हा अंदाज चुकीचा म्हणता येणार नाही. तो फक्त दुसऱ्याच कायद्याचा आहे. इतर राज्यांत जे मोजलं गेलं ते बाळांना सोडणाऱ्या आया. नेब्रास्कानं दार उघडलं ते दमलेल्या घरांसाठी, आणि अशी घरं किती आहेत हे कुठल्याच टिपणात नसतं, कारण ती कुणाच्याच खात्यावर नसतात.

दार उघडं राहिलं ते चार महिने. तेवढ्यात ३६ मुलं आली. त्यांत नवजात बाळ एकही नव्हतं. बहुतेक मुलं दहा ते सतरा या वयातली, त्यातही तेराच्या पुढची जास्त. जवळजवळ सगळ्यांवर आधी कधी ना कधी मानसिक आजारासाठी किंवा वर्तनाच्या अडचणींसाठी उपचार झालेले. बहुतेक घरं एकट्या पालकाची. काही ठिकाणी सोडणारे आईबाप नव्हतेच, आजी-आजोबा किंवा पालकत्व घेतलेले नातेवाईक होते. आणि आयोवा, मिशिगन, इंडियाना, जॉर्जिया, फ्लोरिडा अशा पाच राज्यांतूनही मुलं आली. आयोवातलं कौन्सिल ब्लफ्स हे मिझुरी नदीच्या पलीकडे, पूल ओलांडला की ओमाहा. तिथून येणं समजू शकतं. पण मिशिगनमधली आई डेट्रॉइटच्या भागातून सातशेहून अधिक मैल गाडी चालवत तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. इतक्या लांबच्या प्रवासात मन बदलायला कितीतरी टप्पे येतात. पेट्रोल भरायला थांबावं लागतं, मुलाला भूक लागते. तरीही ती ओमाहापर्यंत पोचली.

हे लोक मुलांना का सोडत होते, याची बातम्यांत दोन उत्तरं होती. एक, जबाबदारी झटकत होते. दुसरं, हतबल होते. दोन्हींत थोडं थोडं तथ्य असेल. पण तिसरं उत्तर व्यवहाराचं आहे आणि ते अमेरिकेच्या आरोग्य-वित्तव्यवस्थेत दडलेलं आहे. गंभीर मानसिक आजार असलेल्या मुलाला निवासी उपचार लागले, तर खासगी विम्यातले दिवस लवकर संपतात. घरचं उत्पन्न मेडिकेडच्या, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, मर्यादेपेक्षा जरा जास्त असलं की तो विमा मिळत नाही. मात्र तेच मूल राज्याच्या ताब्यात गेलं, ‘वॉर्ड’ झालं, की त्याला मेडिकेड मिळतं आणि उपचाराची जागा शोधायची जबाबदारी राज्याची होते. मुलाला औषधपाणी मिळावं म्हणून मुलावरचाच हक्क सोडायचा. बालकल्याण क्षेत्रात याला ‘कस्टडी रिलिंक्विशमेंट’, ताबा सोडून देणं, असं कोरडं नाव आहे.

नेब्रास्कानं हे शोधून काढलं असं अजिबात नाही. अमेरिकी संसदेची लेखापरीक्षण संस्था जीएओ हिनं एप्रिल २००३ मध्येच अहवाल दिला होता. १९ राज्यांचे बालकल्याण संचालक आणि ३० काउंट्यांतले बालन्याय अधिकारी यांच्या अंदाजानुसार, २००१ या एका वर्षात १२,७०० हून अधिक मुलं केवळ मानसिक उपचार मिळावेत म्हणून पालकांनी या यंत्रणांत दाखल केली होती. त्यातली सुमारे ३,७०० बालकल्याण व्यवस्थेत, सुमारे ९,००० बालन्यायाच्या म्हणजे गुन्हे करणाऱ्या मुलांच्या व्यवस्थेत. ज्यांनी आकडे दिलेच नाहीत ती राज्यं यात धरलेली नाहीत. पाच वर्षं हा अहवाल उपलब्ध होता. एलबी १५७ चा खर्च मांडताना ‘मूल’ या शब्दाशेजारी हा अहवाल ठेवला असता, तर हिशेब वेगळा दिसला असता असं मला वाटतं. पण नवजात बाळांचं विधेयक आणि किशोरांचे मानसिक आजार या दोन फायली एका टेबलावर येण्याचं काही कारणच नव्हतं.

असं एक मूल हॉस्पिटलच्या दारात आलं की बिल कुणाकुणाच्या नावावर फाटतं, हे जरा सावकाश बघण्यासारखं आहे.

पहिला खर्च हॉस्पिटलचा: तपासणी, समुपदेशक, त्या रात्रीची खाट. मग पोलीस येतात. नेब्रास्काच्या कायद्यात पोलीस अधिकारी मुलाला तात्पुरत्या ताब्यात घेऊन आरोग्य व मानवसेवा खात्याकडे सोपवू शकतो, पण ४८ तासांत न्यायालयाचा आदेश लागतो. म्हणजे काउंटी अॅटर्नीला, काउंटीच्या सरकारी वकिलाला, अर्ज दाखल करावा लागतो. मुलाच्या हिताची बाजू मांडायला न्यायालय स्वतंत्र वकील नेमतं, त्याला ‘गार्डियन अॅड लायटम’ म्हणतात, आणि त्याची फी काउंटी भरते. पालकाची ऐपत नसेल तर त्याचाही वकील काउंटीच्या पैशातून. काउंटीचा मुख्य आधार मालमत्ता कर. तेव्हा राज्याच्या विधिमंडळानं लिहिलेल्या एका शब्दाचा पहिला चटका ओमाहा ज्यात येतं त्या डग्लस काउंटीच्या घरमालकांना बसतो, आणि राज्याच्या अर्थसंकल्पात त्याची ओळसुद्धा दिसत नाही.

अर्जात काय लिहायचं हाही प्रश्नच. सेफ हेवनचं संरक्षण फक्त सोडण्याच्या कृतीपुरतं होतं; आधी मारहाण किंवा हेळसांड झाली असेल तर त्याला माफी नव्हती. पण ज्या घरात तसं काही झालंच नव्हतं त्यांचं काय? नेब्रास्काच्या बालन्यायविषयक कायद्यात ‘पालकाचा दोष नसताना’ मूल निराधार झाल्याची स्वतंत्र तरतूद आहे. वकिलांच्या भाषेत ‘नो फॉल्ट’. ऐकायला सौम्य, पण प्रकरण न्यायालयातच जातं आणि तारखा पडतातच.

यानंतर राज्याचं खातं. मुलाचं प्रकरण सांभाळणारा केसवर्कर, राहण्याची जागा, फॉस्टर म्हणजे मुलाला तात्पुरतं सांभाळणाऱ्या कुटुंबाचं मानधन किंवा निवासी केंद्राचा दैनिक दर. लहान बाळाला फॉस्टर घर मिळणं सोपं असतं. हिंसक झटके येणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला फारसं कुणी घेत नाही. त्याच्यासाठी उरतं ते निवासी केंद्र, आणि तो पर्याय सगळ्यांत महाग. नवजात बाळाच्या खर्चाला मुलांच्या संख्येनं गुणून हे उत्तर कधीच आलं नसतं.

केंद्राकडून परतावा मिळत नाही का? मिळतो, पण अटी विचित्र आहेत. फॉस्टर केअरचा केंद्रीय पैसा सोशल सिक्युरिटी कायद्याच्या ‘टायटल फोर-ई’ या भागातून येतो. तो मिळायचा तर ज्या घरातून मूल काढलं ते घर जुन्या एएफडीसी या गरिबांसाठीच्या मदत योजनेत बसलं असतं, हे दाखवावं लागतं. ही योजना १९९६ मध्येच बंद झाली. तरीही निकष मात्र १६ जुलै १९९६ ला जे होते तेच, महागाईप्रमाणे न वाढवलेले. बंद पडलेल्या योजनेच्या गोठलेल्या मर्यादेत बसणारी घरं दरवर्षी कमी होतात, आणि तितक्या प्रमाणात राज्याचा स्वतःचा वाटा वाढतो. त्यातही पहिल्याच न्यायालयीन आदेशात ‘घरी राहणं मुलाच्या हिताविरुद्ध आहे’ असा निष्कर्ष नोंदलेला हवा, नाहीतर पैसे नाहीत. नोकरी करणाऱ्या, पण विमा अपुरा असलेल्या मध्यम उत्पन्नाच्या घरातलं मूल आलं, तर फॉस्टर केअरचा खर्च जवळजवळ पूर्ण राज्याचा. मेडिकेडमधून उपचारांचा भाग निघतो. त्यात त्या सुमारास नेब्रास्काला केंद्राकडून रुपयाला, म्हणजे डॉलरला म्हणायला हवं, ५८ सेंटच्या आसपास मिळत. उरलेले राज्याचे.

परराज्यातून आलेल्या मुलांचा आणखी वेगळा ताप. अधिकारक्षेत्र कुणाचं, मूळ राज्यातलं कुठलं न्यायालय प्रकरण घेणार, मूल परत नेणार कोण, तोवर सांभाळणार कोण. यात पैशापेक्षा माणसांचे तास जास्त जातात, आणि तेच केसवर्कर दुसऱ्या मुलांच्या भेटी पुढे ढकलतात. हा खर्चही कुठल्याच ओळीत येत नाही.

एवढं मांडूनही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ३६ मुलांचा थेट खर्च नेब्रास्काला झेपण्यासारखाच होता. राज्याच्या ताब्यात त्या काळात काही हजार मुलं होतीच. लोकसंख्येच्या मानानं घराबाहेर ठेवलेल्या मुलांचं प्रमाण देशात जिथे सर्वाधिक, अशा राज्यांत नेब्रास्काची गणना होत असे. मग एवढी घबराट कशाची? मला वाटतं, खर्चाला छत नसल्याची. कायद्यानं नकळत एक हक्क तयार केला होता: कुणीही, कुठूनही, कुठलाही निकष न लावता मूल सोपवावं आणि राज्यानं घ्यावं. अर्थखात्याला मोठ्या आकड्याची तेवढी भीती नसते, जेवढी वरची मर्यादा नसलेल्या आकड्याची असते. त्यात शेजारच्या राज्यांची न भरलेली बिलं आपल्याकडे येणार हे दिसायला लागल्यावर तर धीर सुटलाच.

राज्यपालांचा सुरुवातीचा विचार जानेवारीच्या नियमित अधिवेशनापर्यंत थांबण्याचा होता. ऑक्टोबरच्या अखेरीला त्यांनी विशेष अधिवेशन जाहीर केलं. १४ नोव्हेंबरला ते सुरू झालं. नेब्रास्काचं विधिमंडळ एकाच सभागृहाचं आहे, ४९ सदस्य, पक्षचिन्हाविना निवडून आलेले. एरवी हे सभागृह सावकाश चालतं. या वेळी २१ नोव्हेंबरला मतदान झालं: ४३ विरुद्ध ५. वयाची मर्यादा ३० दिवस. त्याच दिवशी राज्यपालांची सही, आणि तातडीचं कलम असल्यामुळे कायदा लगेच लागू. त्या कलमाला दोन-तृतीयांश, म्हणजे ३३ मतं लागतात. ती सहज मिळाली.

अधिवेशनाच्या त्या आठवड्यात दार बंद होणार हे ठाऊक असल्यामुळे शेवटच्या दिवसांतही मुलं येत राहिली. दुकान बंद होण्यापूर्वीच्या घाईसारखं म्हणावंसं वाटतं, पण ते म्हणवत नाही.

या अधिवेशनातली एक तांत्रिक बाब मला सगळ्या प्रकरणाचं मर्म वाटते. नेब्रास्काच्या राज्यघटनेनुसार विशेष अधिवेशनात फक्त त्याच विषयावर कामकाज करता येतं, ज्यासाठी राज्यपालांनी ते बोलावलं आहे. बोलावलं होतं वयाच्या मर्यादेसाठी. त्यामुळे किशोरवयीन मुलांसाठी सेवा वाढवा, पैसे द्या, असं म्हणणाऱ्या सदस्यांना बोलता आलं, विधेयक मंजूर करता आलं नाही. सभागृहानं त्या आठवड्यात जे केलं त्याची किंमत तिजोरीला जवळजवळ शून्य. ३१ दिवसांच्या आणि त्यापुढच्या प्रत्येक मुलाचा खर्च होता तिथेच परत गेला: आईच्या रजेत, आजीच्या रक्तदाबात, धाकट्या भावंडाच्या भीतीत. विरोधात मत दिलेल्या पाच जणांची बाजू हरणारीच होती. तरी पैशांची गोष्ट लावून धरणाऱ्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही.

दुसरी बाजूही तेवढीच खरी. दहा वर्षांच्या मुलाला हॉस्पिटलच्या खुर्चीवर बसवून आई निघून गेली, तर त्या मुलाला जे कळतं ते पुढे कुठल्याही सेवेनं पुसत नाही. ‘कायद्यामुळे समस्या उजेडात आली’ असं कौतुकानं म्हणणाऱ्यांना त्या खुर्चीचा विसर पडतो. दार बंद करणं गरजेचंच होतं. प्रश्न होता तो बंद दाराशेजारी दुसरं काही उघडणार का, एवढाच.

त्याच शरद ऋतूत वॉशिंग्टनमध्ये एक योगायोग घडला. ३ ऑक्टोबर २००८ ला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी बँकांना वाचवणाऱ्या ७०० अब्ज डॉलरच्या कायद्यावर सही केली. त्याच कायद्याच्या पोटात मानसिक आजारांना शारीरिक आजारांइतकंच विमा संरक्षण देण्याची तरतूद होती, वेलस्टोन आणि डोमेनिची या दोन सिनेटरांच्या नावानं ओळखली जाणारी. ओमाहातल्या हॉस्पिटलांत मुलं येत होती तेव्हा त्यांच्या विम्याचा प्रश्न निदान कागदावर सुटत होता. पण लागू व्हायला पुढचं वर्ष उजाडणार होतं, आणि पन्नासपर्यंत कामगार असलेल्या मालकांना तेव्हा त्यातून सूट होती.

दुसरं काही उघडलं ते २००९ मध्ये, एलबी ६०३ या कायद्यानं. एक, पालकांसाठी चोवीस तासांची राज्यव्यापी हेल्पलाइन. ती १ जानेवारी २०१० ला सुरू झाली आणि चालवायला दिली ओमाहाच्याच बॉइज टाउन या संस्थेकडे. फादर एडवर्ड फ्लॅनगन यांनी १९१७ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेला राष्ट्रीय हेल्पलाइन चालवण्याचा अनुभव होता. दोन, ‘फॅमिली नॅव्हिगेटर’: अशाच अनुभवातून गेलेली माणसं, जी फोननंतर कुटुंबाला प्रत्यक्ष भेटून कुठे काय मिळेल ते दाखवतात. तीन, दत्तक किंवा पालकत्व घेतलेल्या कुटुंबांना नंतरचा आधार. चार, मुलांच्या सरकारी आरोग्य विम्याची उत्पन्न मर्यादा दारिद्र्यरेषेच्या १८५ टक्क्यांवरून २०० टक्के. आणि पाच, मानसिक आरोग्यात काम करणारी माणसंच राज्यात, विशेषतः ग्रामीण भागात, कमी आहेत म्हणून नेब्रास्का विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात प्रशिक्षणाचं केंद्र.

या यादीत चौथी बाब मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं गेलं. हेल्पलाइनचं उद्घाटन करता येतं. विम्याची मर्यादा १८५ वरून २०० वर सरकली तर फोटो निघत नाही. पण ताबा सोडल्याशिवाय उपचार मिळत नाहीत ही गाठ नेमकी तिथेच थोडी सैल होते. हेल्पलाइन कुटुंबाला सेवेपर्यंत नेते. सेवाच नसेल, किंवा तिचे पैसे कोण देणार हे ठरलेलं नसेल, तर ती सहानुभूतीनं ऐकून घेते.

एलबी ६०३ चा खर्च आता फिस्कल नोटमध्ये नीट दिसत होता, ओळीवार, खात्यावार. गंमत अशी की म्हणूनच तो कापता येण्यासारखाही झाला. मंदीची वर्षं होती. एलबी १५७ चा खर्च कुठेही लिहिलेला नव्हता, त्यामुळे त्यावर कुणी हरकत घेतली नाही. एलबी ६०३ चा लिहिलेला होता, म्हणून त्याला दर अर्थसंकल्पात स्वतःचं समर्थन करावं लागणार होतं. खर्च प्रामाणिकपणे मांडणाऱ्या विधेयकाला हा दंड नेहमीच पडतो.

त्याच सुमारास राज्यानं बालकल्याणाचं रोजचं व्यवस्थापन खासगी संस्थांकडे सोपवायला सुरुवात केली. पाच मुख्य कंत्राटदार. त्यातली एक संस्था २०१० मध्ये दिवाळखोरीत गेली, बाकीच्यांपैकी बहुतेक एकेक करून बाहेर पडल्या, आणि २०१२ मध्ये विधिमंडळाला नवे कायदे करून ही घडी पुन्हा बसवावी लागली. बालकल्याणासाठी स्वतंत्र महानिरीक्षकाचं पद तेव्हाच निर्माण झालं. ती गोष्ट स्वतंत्र आहे. इथे एवढ्यासाठीच आठवली की तिथेही सुरुवातीचा अंदाज मुलांच्या संख्येवर बांधला होता आणि फसला तो मुलांच्या गरजांवर.

मग फिस्कल नोट करणाऱ्यानं २००८ मध्ये वेगळं काय करायला हवं होतं? भविष्य सांगणं त्याचं काम नाही. पण बालकल्याणाच्या विधेयकात चार-पाच गोष्टी विचारता येतात. या कायद्यानं दारात येणारा माणूस बदलतो का? आज हा खर्च कुणाच्या खिशातून होतो आहे, आणि तो तिथून हलला तर कुठे जाईल? केंद्राचा वाटा सरासरीनं धरला आहे, की येणाऱ्या मुलांच्या घरचं उत्पन्न बघून? काउंटीला काय पडेल? आणि शब्द मोघम असेल, तर त्याच्या सगळ्यांत रुंद अर्थाचा आकडा निदान एका ओळीत तरी लिहिला आहे का? एलबी १५७ च्या वेळी ‘मूल म्हणजे १८ पर्यंत धरल्यास’ अशी एक ओळ टिपणात आली असती, तर मला नाही वाटत सभागृहानं आकडा काढून टाकायला मान्यता दिली असती. ७२ तास की ३० दिवस, यावर त्यांनी आणखी एक दुपार घालवली असती.

केंद्राच्या पातळीवर नियम थोडा हलला तो २०१८ मध्ये. फॅमिली फर्स्ट कायद्यानं फोर-ईचा पैसा मूल घरातून काढण्याआधीच, मानसिक उपचार, व्यसनमुक्ती आणि पालकांना घरी येऊन मदत यांसाठी वापरायची परवानगी दिली, तीही १९९६ ची उत्पन्नाची चाळणी न लावता. फॉस्टर केअरच्या मानधनाला मात्र ती चाळणी कायम राहिली.

नेब्रास्कानं २०२४ मध्ये सेफ हेवनची मर्यादा ३० वरून ९० दिवसांवर नेली आणि हॉस्पिटलांच्या जोडीला अग्निशमन केंद्रंही स्वीकारणाऱ्या जागांत घेतली. या वेळी आकडा लिहिलेला होता. क्रेटनचं ते हॉस्पिटल २०१७ मध्ये शहरातल्या दुसऱ्या इमारतीत हललं. जुन्या इमारतीत आता भाड्यानं द्यायची घरं आहेत.